लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटचं पुनरुज्जीवन: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५. तपासणी

कोकणातल्या एका घरातून तीन व्हीएचएस कॅसेट आल्या आहेत.

क्र. १: ई-१८० (भारतातल्या पाल या टीव्ही-पद्धतीची तीन तासांची कॅसेट), १९९२ सालचं लग्न. स्टुडिओने एडिट करून दिलेली प्रत. सुरुवातीला फुलांच्या चौकटीत नावं, बदामाच्या आकाराचे वाइप आणि जवळजवळ सगळीकडे वरून चढवलेली सिनेमाची गाणी.

क्र. २: ई-१८०, त्याच लग्नाचं कच्चं शूटिंग, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ टेप. मंगलाष्टकांचा खरा आवाज हिच्यातच आहे. माळ्यावर पडून होती आणि तिला बुरशी आहे.

क्र. ३: टी-१२० (म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची), अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेलं डोहाळजेवण.

घरच्यांची पसंती क्र. १ ला, कारण ती 'पूर्ण' आहे. काम मात्र क्र. २ वर करायचं. एडिट केलेली प्रत ही कॉपीची कॉपी असते. व्हीएचएसमध्ये तपशील मुळातच आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांपुरता, रंगाचा तर त्याच्या पाव हिस्साही नाही. दर कॉपीला त्यातलं थोडं जातं, शिवाय रंग उजवीकडे आणि खाली सरकतो. क्र. २ जिथे उघडी पडेल तिथेच क्र. १ चं ठिगळ लावायचं.

तिन्ही कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंगची टॅब तोडून टाकली. हे व्हीसीआरजवळ जाण्याआधीच करायचं.

१४ जानेवारी. क्र. २ ची बुरशी

खिडकीतून टॉर्च तिरका धरला की टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी जाळी दिसते. अशी टेप चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली तर पूड हेडवर बसते आणि चित्र काही सेकंदांत बर्फासारखं होतं. बुरशीमुळे चिकटलेले पदर सुटताना चुंबकीय थरही ओढून नेतात. शिवाय पुढे त्या यंत्रात जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटला लागण होते ती वेगळीच.

उन्हात वाळवायची नाही. टेपचा पाया पॉलिएस्टरचा आहे. उष्णतेने गुंडाळी आवळते, कडा लाटेसारख्या होतात आणि मग ट्रॅकिंग कधीच नीट बसत नाही. कॅसेट हवाबंद डब्यात ठेवली आहे, सोबत पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली येऊन तिथे टिकली की बुरशी ओलसर न राहता कोरडी भुकटी होते. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये, डबा उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

२१ जानेवारी. पुसणं

काम गॅलरीत, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. कॅसेटचं कवच पाच फिलिप्स स्क्रूंवर असतं. ते खोलून दोन्ही रिळं एका धड कॅसेटच्या कवचात बसवली. जुन्या कवचातल्या फेल्टवर आणि रोलरवर भुकटी असल्यामुळे ते टाकून दिलं. खोलण्यापूर्वी टेपच्या वाटेचा फोटो काढून ठेवावा. एक गाइड पिन चुकली तरी टेपची वाट बिघडते.

पुसण्यासाठी जुना रिवाइंडर वापरला. कॅसेटचं पुढचं झाकण काढून, समोरून जाणाऱ्या टेपला दोन्ही बाजूंनी तंतू न सुटणारं कोरडं कापड हलकेच लावायचं आणि टेप सावकाश फिरवायची. कापड काळं-पांढरं दिसलं की घडी बदलायची. द्रव काहीही वापरलं नाही. अल्कोहोलने भुकटीचा लगदा होऊन तो टेपवर पसरतो. पुढे एकदा आणि मागे एकदा एवढं बहुतेक टेपला पुरलं, सुरुवातीच्या भागाला आणखी एक फेरी लागली. तिथे साधारण दोन मीटरवर थर उडालेला आहे, टेपमधून उजेड आरपार दिसतो. तिथलं चित्र आता कुठल्याच उपायाने परत येणार नाही.

२५ जानेवारी. व्हीसीआर

लाइन टीबीसी (टाइम बेस करेक्टर) असलेला एस-व्हीएचएस व्हीसीआर. टीबीसीचं काम प्रत्येक आडवी ओळ जागेवर बसवणं. व्हीएचएसमध्ये ६२ मिमीचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि प्रत्येक हेड एक फील्ड (एका फ्रेमच्या एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) वाचतं. टेपच्या ताणात किंवा वेगात जराशी चलबिचल झाली की ओळी डाव्या-उजव्या हलतात, मंडपाचे खांब नागमोडी दिसतात. हा दोष डिजिटल फाइलमध्ये एकदा शिरला की सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. टीबीसी पाहिजे तो ॲनालॉग टप्प्यावरच.

हेडची सफाई: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली शॅमॉय लेदरची पट्टी ड्रमला टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. पट्टी वरखाली घासली तर फेराइटचं हेड मोडतं. कानकोरणीचा कापूस नको, तंतू हेडच्या फटीत अडकतात. पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल लावलं नाही, ओलसर कापडाने पुसला.

आवाजाच्या हेडचा अझिमथ (टेपच्या संदर्भात हेडचा तिरकेपणा): क्र. २ वर हाय-फाय ट्रॅक नाही, फक्त टेपच्या कडेचा साधा मोनो ट्रॅक आहे. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याचं हेड किंचित वेगळ्या कोनात असलं की आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. अझिमथच्या स्क्रूवर आधी मार्करने खूण केली, मग सनई चालू असलेल्या भागावर हेडफोनने ऐकत आठवा भाग फेरा फिरवला. तार सप्तक एकदम उघडलं. फक्त अझिमथचाच स्क्रू हलवायचा. उंचीचा किंवा कडेचा हलवला की कंट्रोल ट्रॅकचं (टेपचा वेग जुळवणाऱ्या खुणांचं) वाचन बिघडतं आणि चित्रच जातं. काम संपल्यावर स्क्रू खुणेवर परत.

२६ जानेवारी. कॅप्चर

साखळी: व्हीसीआरचं एस-व्हिडिओ आउटपुट, त्यानंतर डीव्हीडी रेकॉर्डर (फक्त पासथ्रू म्हणून, म्हणजे रेकॉर्ड न करता सिग्नल पुढे सोडायला; त्याचं नॉइज रिडक्शन बंद), मग कॅप्चर कार्ड. रेकॉर्डर मध्ये घालायचं कारण कच्च्या टेपच्या वरच्या पंधरा-वीस ओळी उजवीकडे झुकतात आणि शॉट बदलताना सिंक (ओळी-फ्रेम कुठे सुरू होतात हे सांगणारा इशारा) तुटतो. तो आतल्या आत सिंक नव्याने बांधतो. काही रेकॉर्डर उजळ भाग कापतात, म्हणून पांढऱ्या उपरण्यावर आधी चाचणी घेतली. हे मॉडेल ठीक आहे.

पिवळ्या पिनचं कंपोझिट टाळलं. टेपवर उजेड आणि रंग वेगळे असतात. कंपोझिटमध्ये ते मिसळतात, कार्ड पुन्हा वेगळे करतं आणि लाल शालूच्या काठावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके येतात.

सेटिंग: पाल, ७२० × ५७६, ४:२:२, २५ फ्रेम इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन फील्डची), काहीही न गमावणारा लॉसलेस एफएफव्ही१ कोडेक. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. एवढ्या खरखरीच्या चित्राला तासाला सुमारे ३० जीबी लागतात. सरळ एच.२६४ मध्ये (चित्र दाबून फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत) कॅप्चर करायचं नाही. एन्कोडरला खरखर आणि तपशील यातला फरक कळत नाही, तो दोन्हींचे चौकोन करतो आणि पुढचा प्रत्येक फिल्टर त्या चौकोनांशीच झगडत बसतो.

एचडीएमआय कन्व्हर्टरची डबी लावून '१०८०पी'त रेकॉर्ड करून देण्याची पद्धत सर्रास आहे. ती डबी आतच डिइंटरलेस करते (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवते), तेही वाईट. वर ५० चे ६० करते, म्हणून कॅमेरा फिरला की चित्र हिसके देतं. असं काम नंतर दुरुस्त होत नाही, टेप पुन्हा कॅप्चर करावी लागते.

लेव्हल: १९९२ च्या लग्नात सनगन या प्रखर दिव्याचा प्रकाश थेट तोंडावर. धोतरं, उपरणी, भटजींचं कपाळ सगळं २३५ च्या वर (उजेडाच्या मोजपट्टीवर १६ म्हणजे पूर्ण काळं, २३५ म्हणजे पूर्ण पांढरं). कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये कॉन्ट्रास्ट उतरवून सगळ्यात पांढरा भाग २३० च्या आसपास आणला, ब्राइटनेस असा की विहिणीच्या काळ्या केसांत १६ खाली काही जाऊ नये. हिस्टोग्राम पाहताना तळाच्या आठ-दहा ओळी आणि कडेच्या काळ्या पट्ट्या वगळायच्या. तळाशी हेड बदलण्याचा फाटका भाग असतो आणि तो आकडे फसवतो.

२ फेब्रुवारी. तीन कॅप्चर, एक मीडियन

क्र. २ चं तीनदा पूर्ण कॅप्चर. ड्रॉप झालेल्या आणि घुसवलेल्या फ्रेम तिन्हीत शून्य. हा आकडा शून्य नसेल तर पुढे जायचंच नाही. एक फ्रेम गेली तरी मेळ तिथून पुढे बिघडतो.

तिन्ही फाइली पहिल्या ओळखीच्या फ्रेमवर जुळवल्या (तोरणाला हात लागतो ती फ्रेम) आणि प्रत्येक पिक्सेलला तिघांतली मधली किंमत घेतली. धुळीमुळे किंवा हेडच्या क्षणिक बुजण्यामुळे आलेली पांढरी रेघ दर वेळी वेगळ्या जागी असते, त्यामुळे मीडियनमध्ये ती आपोआप पडते. यात डोळ्याला सगळ्यात जास्त फरक दिसतो आणि चेहऱ्याला काहीही होत नाही, म्हणून कुठल्याही महागड्या फिल्टरच्या आधी हेच करावं.

हे कुठे चालत नाही: थर उडालेल्या जागी तिन्ही कॅप्चरमध्ये रेघ तीच, मधली किंमतही तीच. टेपवर मुळात रेकॉर्ड झालेली खरखरही तशीच राहते, कमी होते ती फक्त वाचतानाची. आणि लाइन टीबीसी नसेल तर ओळी दर वेळी अर्धा-पाऊण पिक्सेल इकडेतिकडे असतात, मीडियनने चित्र उलट मऊ होतं.

५ फेब्रुवारी. डिइंटरलेस

व्हेपरसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये क्यूटीजीएमसी हा डिइंटरलेस करणारा फिल्टर, प्रीसेट स्लो, वरचं फील्ड आधी. फील्डचा क्रम अंदाजाने ठरवायचा नाही. फील्ड वेगळे करून एकेक पुढे न्यावेत. कॅमेरा फिरताना चित्र पुढे-मागे-पुढे हललं तर क्रम उलटा आहे. डीव्ही कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींत खालचं फील्ड आधी असतं, तिथे हमखास गोंधळ होतो.

निकाल सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम. त्या २५ करायच्या नाहीत. फुगड्या, ताशावरचे हात, वरातीतली पावलं यांचा प्रवाहीपणा त्या ५० मध्येच आहे.

९ फेब्रुवारी. अक्षता

या कामातली सगळ्यात अवघड जागा.

ठिपके आणि रेघा काढणारा कुठलाही स्वयंचलित फिल्टर एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट आधीच्या फ्रेममध्ये आणि नंतरच्या फ्रेममध्ये याच जागी आहे का? नसेल तर ती घाण. अंतरपाट दूर होतो आणि 'सावधान'वर मूठ-मूठ अक्षता उडतात तेव्हा प्रत्येक दाणा या कसोटीवर घाणच ठरतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने पडणारा दाणा पन्नासाव्या भागात चार सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये तो कधीच एका जागी नसतो. हालचाल शोधून जुळणी करणारे फिल्टरही दोन-तीन पिक्सेलच्या दाण्याचा माग काढू शकत नाहीत. चाचणीत डीफॉल्ट सेटिंगने मुहूर्ताच्या सगळ्या अक्षता साफ झाल्या. सगळे हात उंचावलेले, आणि हवेत काहीच नाही.

दोन्हींतला फरक माणसाच्या डोळ्याला लगेच कळतो. ड्रॉपआउट (टेपवरचा सिग्नल क्षणभर गेल्याने आलेली रेघ) नेहमी आडवा, एका फील्डच्या एका-दोन ओळींतच, डावी कड तीक्ष्ण आणि उजवीकडे शेपूट. अक्षतेचा दाणा उभा किंवा तिरका, कडा दोन्हीकडे मऊ, रंग हळदी-कुंकवाकडे झुकलेला. म्हणून अशी व्यवस्था केली:

शेवटच्या मंगलाष्टकापासून हार घालेपर्यंतचा भाग टाइमलाइनवर वेगळा तोडला, त्यात स्वयंचलित सफाई पूर्ण बंद. उरलेले ड्रॉपआउट डाविंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतल्या डस्ट बस्टरने एकेक चौकट आखून, शेजारच्या फ्रेममधून भरले. चौकट रेघेइतकीच अरुंद ठेवायची, नाहीतर शेजारचे दाणेही जातात. बाकी टेपवर स्वयंचलित सफाई चालू, पण फक्त आडव्या आणि तीन ओळींहून कमी उंचीच्या डागांच्या मास्कमधून.

अशाच इतर जागा: नथीतल्या खड्याची चमक, शालूच्या जरीचा लखलखाट, वरातीतल्या फुलबाज्या, होमातल्या ठिणग्या. नथीचा खडा तर एकाच फ्रेमपुरता पेटतो आणि विझतो, फिल्टर तो दर वेळी खातो. लग्नाच्या टेपवर काम करणाऱ्याने या चार ठिकाणी आधी थांबून पाहावं.

१२ फेब्रुवारी. खरखर

एसएमडीग्रेन हा खरखर काढणारा फिल्टर: टीआर (मागच्या-पुढच्या किती फ्रेम पाहायच्या) २, उजेडाचं टीएचएसएडी (सफाईचा जोर) २५०, रंगाचं ५००. रंगाची खरखर जोरात काढली तरी चालते, डोळ्याला रंगातला तपशील कमी कळतो आणि टेपवर तो जवळजवळ नसतोच. उजेडात हात आखडता. ४०० च्या पुढे पंगतीत बसलेल्या माणसांचे गाल मेणाचे होतात आणि जरीचा काठ सपाट पट्टा होतो. तुलना थांबलेल्या फ्रेमवर करू नये, चालत्या चित्रावर करावी. थांबलेल्या फ्रेमवर जास्त सफाई नेहमीच छान वाटते.

एआय अपस्केलर ग्रुप फोटोच्या शॉटवर तपासला. तिथे एकेक चेहरा पंचवीस-तीस पिक्सेल रुंद. त्यातून मॉडेलने काढलेले डोळे-नाक स्वच्छ आहेत, पण ते त्या माणसांचे नाहीत. आजी-आजोबांचं दुसरं चलचित्र नसलेल्या घरासाठी हे चालणार नाही. बाद.

१६ फेब्रुवारी. रंग

मंडपात वरून दिवसाचा निळसर उजेड, समोरून सनगनचा नारिंगी. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर, त्यामुळे कॅमेरा वळला की रंगही वळतात. एकच दुरुस्ती सगळ्या टेपला लावून उपयोग नाही. शॉट तोडून, प्रत्येकाचा पांढरा बिंदू उपरण्यावर आणि काळा बिंदू केसांवर धरला. जिथे शॉटच्या मध्येच रंग सरकतो तिथे की-फ्रेम (वेळेप्रमाणे बदलणारी दुरुस्ती). त्वचा व्हेक्टरस्कोपवरच्या (रंग मोजणाऱ्या आलेखावरच्या) त्वचारेषेजवळ आली की थांबायचं. हळद लावलेल्या चेहऱ्यांना ही रेषा लागू नाही, ते पिवळेच राहू द्यावेत.

लाल रंगाची गळती: कुंकू आणि शालूचा लाल उजवीकडे पसरतो. रंगाचे दोन चॅनेल ४ पिक्सेल डावीकडे सरकवले. याहून जास्त सरकवलं तर डाव्या कडेला हिरवट किनार दिसू लागते.

२० फेब्रुवारी. आवाज

५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर), विजेचा गुंजारव गेला. १५,६२५ हर्ट्झची शीळ ही पालच्या ओळींची वारंवारता. मोनो ट्रॅकवर १० किलोहर्ट्झच्या वर कामाचं काहीच नसल्यामुळे १२ किलोहर्ट्झवर लो-पास (त्यावरचं सगळं कापणारा फिल्टर) टाकून ती काढली. सूंऽऽ आवाजासाठी नॉइज प्रिंट घेऊन फक्त ६ डेसिबल कपात. जास्त केली की सनई पाण्याखालून वाजल्यासारखी येते.

ताशा वाजला की कॅमेऱ्याचा ऑटो गेन आवाज दाबतो आणि दोन सेकंदांनी हळूहळू वर आणतो. हे व्हॉल्यूमच्या रेषेने हाताने सावरलं, कंप्रेसरने आणखी बिघडतं. चित्र-आवाजाचा मेळ तपासायला ताशाच्या काठीसारखी दुसरी क्लॅप नाही. सुरुवातीला, मध्ये आणि वरातीत, तिन्हीकडे बरोबर.

२४ फेब्रुवारी. ठिगळं

थर उडालेल्या सुरुवातीच्या भागासाठी क्र. १ मधली चित्रं. दोन मीटर टेप म्हणजे सेकंदाला २३.३९ मिमी या वेगाने ८५ सेकंद. क्र. १ मधून सीमांतपूजनाचे तेच शॉट मिळाले. रंग या कॉपीत दोन ओळी खाली होता, तो वर घेतला. उजेड-रंग शेजारच्या मूळ शॉटशी जुळवला, डीनॉइज थोडा जास्त. स्टुडिओने जिथे स्लो-मोशन टाकलं आहे ते तुकडे वापरता आले नाहीत. आवाज अर्थात सिनेमातल्या गाण्याचाच. तो न घेता क्र. २ मधलाच मंडपातला गोंगाट अंथरला आणि घरच्यांना दिलेल्या यादीत तसं लिहिलं आहे.

१ मार्च. आउटपुट

दोन्ही बाजूंनी ८ पिक्सेल कापून ७०४ × ५७६, तळाच्या फाटक्या ओळी काळ्या पट्टीने झाकल्या. मग एनएनईडीआय३ या फिल्टरने दुप्पट करून, त्यानंतर १४४० × १०८० वर आणून, १९२० च्या चौकटीत दोन्हीकडे काळी जागा. ओढून १६:९ केलं नाही, सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. एचडीत जाताना रंगाचं मॅट्रिक्स बीटी.६०१ वरून बीटी.७०९ केलं. हे विसरलं तर लाल आणि हिरवे किंचित चुकतात आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

टीव्हीसाठी: एच.२६४, ८ बिट, ४:२:०, सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) १८, ५० फ्रेम. दर फाइल ४ जीबीच्या आत, कारण जुने टीव्ही फॅट३२ चाच पेनड्राइव्ह वाचतात. विधी, पंगत, वरात असे वेगळे तुकडे. यूट्यूबवर खासगी दुव्याने द्यायचं तर हीच १०८०पी फाइल, ७२०पीच्या खाली तिथे ५० फ्रेम मिळत नाहीत.

जपणुकीसाठी: तिन्ही मूळ कॅप्चर, मीडियन आणि प्रकल्पाच्या स्क्रिप्ट. प्रत्येकाचा एमडी५ (फाइल बिघडली का ते तपासायचा आकडा), दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी. कॅसेट परत करताना उभ्या ठेवायला आणि माळ्यावर न ठेवायला सांगितलं.

४ मार्च. क्र. ३

टी-१२० वरून केलेला अंदाज खरा ठरला, टेप एनटीएससी आहे: ५२५ ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. पाल व्हीसीआर ती वाजवतो, पण बाहेर पाल-६० (एनटीएससीच्या ओळी-फ्रेम, रंग मात्र पालचा) देतो. टीव्हीला ते चालतं, कॅप्चर कार्डाला नाही: चित्र कृष्णधवल येतं आणि उंची चुकते. खरं एनटीएससी आउटपुट देणारा व्हीसीआर आणल्याशिवाय हात लावायचा नाही. तो मिळाला की ७२० × ४८०, डिइंटरलेसनंतर ५९.९४ फ्रेम, आणि २५ किंवा ५० मध्ये रूपांतर अजिबात नाही. बुरशी नाही, टेप स्वच्छ आहे. तोवर सिलिका जेलच्या डब्यात.